काजूचा चीक

कणकवलीच्या बाजाराकडून आमच्या गावाकडे वळलं की फाल्गुनात सगळीकडे एकच वास येतो, काजूच्या पिकलेल्या बोंडांचा. लोकांना तो आवडतो. मला त्या वासाने अजून डाव्या गालावर खाज सुटते. चाळिशी आली, केस पिकायला लागले, तरी गालाला अक्कल आलेली नाही.

आमच्या घरी काजूची शंभरेक झाडं. सुकी बी व्यापारी नेतो, पण सुरुवातीची कोवळी, हिरवी बी आई घरीच फोडायची. ओले काजूगर काढणं हे आमच्याकडे बायकांचं काम. बी उभी चिरायची आणि बांबूच्या टोकदार काडीने आतला गर अखंड उचलायचा. चिरताना सालातून चीक उडतो. हा चीक म्हणजे तेलच, पण अंगाला लागलं की भाजतं. आधी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी कातडी काळी पडते, चार दिवसांनी सुटते आणि तिचे पापुद्रे निघतात. आई आधी हातांना राख चोळून बसायची, तरी हंगामभर तिची बोटं जळक्या लाकडासारखी दिसायची. हंगाम संपला की जुनी कातडी निघून खालून गुलाबी, मऊ बोटं यायची. लहानपणी मला तेव्हाचे तिचे हात फार आवडायचे.

माझं तोंड मात्र चौदाव्या वर्षी बिघडलं ते बिघडलंच. नुसते मुरुम नव्हते ते. हनुवटीवर, कपाळावर, गालांवर पिकलेल्या गाठी होत्या. उशीच्या अभ्र्यावर सकाळी डाग असायचे आणि मी ते आईच्या आधी उठून धुवायचे. गावात ज्याला त्याला माझ्या तोंडाबद्दल सल्ला होता. बांगडे बंद कर. आंबा खाऊ नको. पहाटेची बाशी थुंकी लाव. एका बाईंनी दात घासायची पेस्ट लावायला सांगितली, ती लावून मी दोन दिवस कॉलेजला गेले नाही. वडिलांनी देवळात गाऱ्हाणं घातलं. नारळ फुटला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं, मुरुम जिथल्या तिथे. त्वचेच्या डॉक्टरकडे न्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मुरुम हा काय रोग आहे का, असं वडील म्हणायचे.

एक गोष्ट मात्र मला खरोखर हवीशी वाटायची. रोज तिन्हीसांजेला आई हात घासून घासून धुवायची. आधी राखेने, मग खोबरेल चोळून, मग शिकेकाईने. मग सहाणेवर आंबेहळद आणि चंदन उगाळायची आणि माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरून लेप लावायची. त्याने मुरुम काही गेले नाहीत. पण दिवसभरात माझ्या तोंडाकडे नाक न मुरडता बघणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि ते मला हात लावत होतं.

मी अठरा वर्षांची असताना चुलत बहिणीचं लग्न ठरलं. करवली मी व्हायची, हे आम्ही दोघींनी लहानपणीच ठरवलं होतं. कलश घेऊन नवरीच्या मागे उभं राहायचं, सगळ्या फोटोंत यायचं. लग्नाला महिना असताना चुलती ओटीवर आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "करवली तिची मामेबहीण ऱ्हवांदे. फोटो आयुष्यभर रवतत गो. तू आपली जेवणाकडे बघ."

तिने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. हेच मला जास्त लागलं. मी मागच्या पडवीत जाऊन रडले. तिथे आई काजूगर काढत बसली होती. तिने काळी बोटं माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "रडा नको. माझी बोटां बघ. दरवर्षी साल जाता आणि खालून नवी कातडी येता. तुझ्या तोंडाची पण येतली. वायच धीर धर."

ती धीर धर म्हणाली होती. मी तेवढंच सोडून बाकीचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आई तळीवर कपडे धुवायला गेली तेव्हा मी फोडलेल्या बियांची सालं उचलली. कापसाच्या बोळ्यावर चीक पिळला आणि आरशासमोर बसून एकेका गाठीवर टेकवला. हनुवटीवर आधी थोडा. काही झालं नाही. मग डाव्या गालावर, तिथे गाठी जास्त होत्या म्हणून जास्त. उजव्या गालाला पोचण्याआधी बाहेर पावलं वाजली आणि मी थांबले. माझा उजवा गाल आज बरा आहे तो शेजारणीच्या कृपेने. ती विळा मागायला आली होती. संध्याकाळी आईने नेहमीसारखे हात धुतले आणि नेहमीसारखा लेप लावला. मी डोळे मिटून बसले होते. लेपाखाली गाल चुरचुरायला लागला होता आणि मला वाटलं, गुण येतोय.

सकाळी डावा डोळा उघडेना. गालाला फोड आले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. वडिलांनी रिक्षा बोलावली आणि आम्ही तिघं कणकवलीला त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. म्हणजे ज्या डॉक्टरकडे चार वर्षांपूर्वी न्यायला हवं होतं त्याच्याकडे.

डॉक्टरांनी दिवा जवळ घेऊन बघितलं. "हे भाजल्यासारखं आहे. काय लावलंत?" मी लादीकडे बघितलं. त्यांनी मान वळवली तर शेजारी आई बसलेली, मांडीवर तिचे दोन्ही हात उताणे, दहाही बोटं काळी. डॉक्टर त्या हातांकडे बघत राहिले. "हे कशाने?" वडिलांनी सांगितलं, काजूचा चीक. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तोंडाला कोण काय लावतं?"

आणि मी म्हणाले, "आई रोज संध्याकाळी लेप लावते."

वाक्य खरं होतं. शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते कशासाठी उच्चारलं ते मला त्या क्षणीच ठाऊक होतं. वडिलांसमोर, त्या पांढऱ्या खोलीत, मी स्वतःच्या हाताने तोंड जाळून घेतलं हे सांगण्याची माझी छाती झाली नाही. आई म्हणाली, "मी हात धुवलंय. राखेन धुवलंय, तेलान धुवलंय." डॉक्टर तिला समजुतीने म्हणाले की काकी, असला चीक नखाखाली, भेगांत राहतो, धुवून जात नाही. ती नखांकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या डॉक्टरांनी मला बरं केलं, हे सांगायलाच हवं. जळल्याचं भरून आल्यावर त्यांनी मुरुमांचंही औषध सुरू केलं. साधी गोष्ट होती सगळी. दोन वेळा सौम्य साबण, तोही न घासता. रात्री वाटाण्याएवढं मलम. उन्हात जाताना तोंडाला लावायचं वेगळं. फोडायचं नाही, खाजवायचं नाही, आणि आज लावून उद्या आरसा बघायचा नाही. सहा महिने लागतील म्हणाले, वर्ष लागलं. आज माझी त्वचा लोक नितळ म्हणतील अशी आहे. फक्त डाव्या गालावर तळहाताएवढा काळसर डाग आहे आणि त्यात दोन खड्डे. तेवढं वर्ष आईसारखा धीर धरला असता तर तेही नसते.

त्या दिवसापासून आईने माझ्या तोंडाला हात लावला नाही. सहाण उचलून माळ्यावर टाकली. मला ताप आला तर ती कपाळ नाही बघायची, पाऊल बघायची, तेही बोटांच्या मागच्या बाजूने. भावाला मुलगी झाली तेव्हा बाळाची दृष्ट काढताना तिचे हात बाळाच्या गालांपासून वीतभर लांब थांबायचे आणि तिथूनच ती स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायची. काजूगर मात्र तिला काढावेच लागत, ते काही सुटलं नाही.

आणि वडील. वडील वाईट नव्हते, पण त्यांना बोलायला एक जागा मिळाली होती. मला बघायला आलेले नकार कळवून गेले की ते ओटीवरून आईवर ओरडायचे, "ह्या हातांनी चेडवाचो जल्म फुकट घालवलंस." चेडू म्हणजे मी. माझं लग्न झालं नाही. त्याला डागापेक्षा इतर कारणं जास्त होती, माझा स्वभाव त्यांतलं पहिलं. मी नोकरीला लागले, कणकवलीत खोली घेतली, मजेत राहिले. पण घरी तो हिशोब आईच्या नावावर चढत राहिला. दरवेळी वाटायचं, आज सांगू. दरवेळी आई भांडी घासत राहायची. मग वाटायचं, झालं की आता, कशाला उकरायचं. माणूस स्वतःला फार सहज माफ करतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या आजारात आई त्यांना पेज भरवायची तेव्हासुद्धा एकदा त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि विचारलं, "धुवलंस मां?"

मी तिथेच होते.

यंदा फाल्गुनात शनिवारी घरी गेले. भावाची मुलगी आता तेराची आहे आणि तिच्या कपाळावर माझं चौदाव्या वर्षीचं कपाळ उगवलंय. मोबाइलवर बघून बघून ती तोंडाला काय काय लावत असते. मला बघून म्हणाली, "आते, पील म्हणजे तोंडाची साल काढूचीच मां? ते बायका पैसे देऊन काढून घेतत. आजीची बोटां बघ, फुकटात कशी गुलाबी होतत."

मी हसले. चहा घेतला. घोट घशाखाली उतरल्यावर मला कळलं की ती काय बोलली.

मी धावले, तर ती मागच्या पडवीत होती. एका वाटीत फोडलेल्या बियांची सालं, हातात कानात घालायची कापसाची काडी, आणि हनुवटीवर एक ओला ठिपका. मी तिच्या हातातून काडी हिसकावली आणि खोबरेलची बाटली तिच्या हनुवटीवर ओतली. पुसलं, परत ओतलं, परत पुसलं. ती रडत म्हणत होती की एकच लावला, एकच, आणि मी नीट बघून लावत होते, आजीसारखे न धुतलेले हात नव्हते माझे.

आई दोन हात लांब, आमच्याकडे पाठ करून, आडाळो म्हणजे विळी घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं.

या घरात गेली बावीस वर्षं सगळ्यांना एकच धडा माहीत होता, की हात नीट धुवावेत. चीक तोंडाला लावू नये हा धडा कुणालाच माहीत नव्हता, कारण मी तो सांगितलाच नव्हता. मी पोरीचे खांदे धरले आणि सगळं सांगितलं. चुलती, करवली, कापसाचा बोळा, शेजारीण. डॉक्टरांसमोर काय बोलले तेही. पोरीला सांगत होते, पण आवाज मी मोठाच ठेवला होता.

आईने हातातली बी खाली ठेवली. "म्हणजे माझे हात नाय?"

"नाय, आई."

मला वाटलं, ती रडेल. निदान मला शिव्या घालेल. तिने पदराने आडाळ्याचं पातं पुसलं आणि म्हणाली, "ह्यां तेंका सांगूक होयां होतां गो. ते होते तेव्हा. माका आता सांगान काय करतंस?"

मी खोबरेलच्या बाटलीला बूच लावलं.

संध्याकाळी पोरगी माळ्यावर चढली आणि धुळीने माखलेली सहाण घेऊन खाली आली. तिच्या हनुवटीवर एक बारीक लाल ठिपका उठला होता. तो राहील की जाईल ते सोमवारी डॉक्टर सांगणार होते. मी म्हटलं, लेपाने काही होत नाही, आणि आज तर काहीच लावायचं नाही. ती म्हणाली, "हनुवटीक नको. नुसतां कपाळाक. आजीन लावूचां."

आईने राखेने हात धुतले. खोबरेल चोळलं. शिकेकाई लावली. आंबेहळद उगाळली, वाटीत काढली आणि ओटीवर पोरीसमोर बसली. बोट वाटीत बुडवलं आणि कपाळापर्यंत नेलं. तिथे हात थांबला. पोरगी डोळे मिटून वाट बघत होती.

"मी धुवलंय मां गो?" आईने मला विचारलं.

"धुवलंस, आई. मी बघितलंय."

तिने मान हलवली, बोट पदराला पुसलं आणि उठून पुन्हा हात धुवायला गेली. मागच्या दारी बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. शेवटी पोरीने डोळे उघडले. वाटीतला लेप कडेने सुकायला लागला होता.