चौकशी केल्याशिवाय होकार नाही

आमच्या घरमालक अण्णांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि जन्मलाच तर अण्णा आधी त्याच्या आजोळी जाऊन चौकशी करतील. सीमाभागातल्या वडगावात त्यांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहतो. मी कॅम्पातल्या एका शाळेत मास्तर, अण्णा मूळचे निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी. व्यापार त्यांनी मुलाकडे सोपवला, पण लग्नाच्या स्थळांची चौकशी मात्र कुणाकडे सोपवली नाही. भावकीत कुणाचंही लग्न जमायचं असलं की अण्णा बसमध्ये बसणार. नवऱ्या मुलाच्या दारात ते चुकूनही जायचे नाहीत. त्याच गावात न्हाव्याकडे दाढी करायची, पिठाच्या गिरणीवर टेकायचं, मराठीत नाही तर कानडीत हवापाण्याचं बोलायचं आणि अख्ख्या घराण्याची माहिती घेऊन परत. "स्थळाची चौकशी स्थळानं दिलेल्या माणसाकडं करायची न्हाय, मास्तर. त्यो वाईट कशाला सांगंल?"

मुलाने लॅपटॉप घेऊन दिल्यावर ईमेललाही हाच कायदा लागू झाला. आलेली प्रत्येक मेल हे अण्णांच्या लेखी एक स्थळ. परदेशातल्या कुणा मयत श्रीमंताने सगळी दौलत त्यांच्या नावे केली, तेव्हा "सख्ख्या चुलत्यानं वीतभर बांध सोडला न्हाय, ह्यो कोण उपटसुंभ?" म्हणून त्यांनी ती उडवून लावली. बँकेच्या नावाने 'आजच माहिती भरा, नाहीतर खातं बंद' अशी मेल आली की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "नाव बँकेचं सांगतोय, पत्ता भलत्याच घराण्याचा. आणि घाई बघा! घाईनं होकार मागणाऱ्याच्या घरात कायतरी झाकल्यालं असतंय." मग पासबुकावरचा नंबर बघून बँकेत फोन. बँकेतली मुलगी त्यांचा आवाज ऐकताच, विषय कळायच्या आत, "अण्णा, खोटी आहे" असं सांगून मोकळी व्हायची. मी या सगळ्याला मनसोक्त हसत असे.

माझ्या लेकीला, सुमीला, नोकरीची मेल आली तोपर्यंत. बंगळूरच्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. एका सकाळी मेल आली: निवड झाली, तासाभरात लिंकवर कागदपत्रं आणि बँकेची माहिती भरा. मी पेढे आणायला निघालो, तर अण्णांनी जिन्यातच अडवलं. "चौकशी केलीसा?"

सुमी रडकुंडीला आली. "अण्णा, तास संपला तर नोकरी जाईल हो!"

"तासात जाणारी नोकरी आपल्याला नको गं. दम धर जरा."

मेलमधल्या नंबराला हात न लावता त्यांनी सुमीला कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून फोन शोधायला लावला आणि कानडीत गोड बोलून नेमकं माणूस गाठलं. कंपनीने अजून कुणालाच निवडलं नव्हतं. सुमी दिवसभर जेवली नाही.

काही दिवसांनी त्याच कंपनीच्या नावाने दुसरी मेल आली. दुधाने तोंड पोळलेली सुमी ती न वाचताच काढून टाकायला निघाली, तर अण्णा तिच्यावरच चिडले. "न बघता होकार वाईट, तसा नकारबी वाईट. चौकशी कर आधी!" पुन्हा तोच फोन, पुन्हा कानडी. पलीकडचं ऐकता ऐकता अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "स्थळ खरं हाय, मास्तर. आता आणा पेढं." माझ्या लेकीची नोकरी या माणसाच्या खोडीमुळे वाचली. हे उपकार मी विसरायचो नाही.

आता सुमी बंगळूरला असते. अण्णा थकलेत, गावोगाव फिरणं बंद झालंय आणि कुणी चौकशीला पाठवतही नाही. परवा त्यांनी खालून हाक मारली. ऑफिसच्या नव्या पत्त्यावरून सुमीची मेल आली होती, आणि सकाळपासून ती न उघडता तशीच होती.

"तिचीच आहे, अण्णा. उघडा की."

"तुम्ही तिचं बाप. म्हंजे स्थळाकडचं माणूस. तुमचं कसं धरू?" असं म्हणून त्यांनी थेट तिलाच फोन लावला. "मेल तूच पाठवलीस न्हवं गं? व्हय, व्हय. बरी हायस न्हवं? जेवतीस न्हवं येळंवर?"

मेलची चौकशी एका वाक्यात आटोपली. सुमीची मात्र मी जिना चढून वर आलो तरी खाली चालूच होती.