एरंडेल लावलेली काडतुसं

शेलूबाजारला मी मुलगी बघायला गेलो आणि मला आधी पिस्तूल दाखवण्यात आलं.

पोहे यायचे होते, मुलगी यायची होती, एवढंच काय, बसायला सतरंजीसुद्धा अजून यायची होती. पण पिस्तूल मात्र आलं! मुलीचे वडील तुळशीरामजी यांनी ते बंडीच्या खिशातून काढलं आणि आम्ही बसलो होतो त्याच बाजेवर ठेवलं. अडकित्त्याहून जेमतेम मोठं. मी आणि माझे मामा दोघंही घाबरून बाजेच्या एकाच टोकाला सरकलो. त्यामुळे बाज आमच्या बाजूला दबली आणि पिस्तूल घसरत घसरत आमच्याकडेच आलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता; आम्ही सगळे अकोल्यात मोजले जायचो. तुळशीरामजी गावचे पोलीस पाटील. रस्त्याला लागून त्यांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, बांधाला पेरूची झाडं, आणि झाडांवर वानरं. वानरांना मारायचं नाही, नुसता आवाज करून पळवायचं, एवढ्यासाठी पाटलांनी रीतसर लायसन काढलं होतं. बाकीचे लोक अशा कामाला दुनाळी बंदूक घेतात. पण एक जमीनदार गाव सोडून जाताना आपलं विलायती पिस्तूल विकायला काढून बसला होता, आणि ते खिशात मावतं हे कळल्यावर पाटलांना दुसरं काही सुचेना.

"बंदूक खांद्यावर घेतली का वानरं दुरूनच पाह्यते," त्यांनी आम्हाला समजावलं. "हे खिशात घालून गेलं, का त्याइले पत्ताच नाही!"

खरं होतं ते. पण पत्ता पिस्तुलालाही नव्हता. चाप ओढला की 'टक्' व्हायचं. कधीमधी 'फट्' व्हायचं, पण त्यावर पाटलांचा काही हक्क नव्हता. त्याची मर्जी! वानरं आताशा त्या 'टक्'कडे मान वळवूनही बघत नव्हती.

"तुमचा भाचा एनशीशीत होता म्हने?" पाटलांनी मामांना विचारलं.

"होता मंजे?" मामा उसळले. (मध्यस्थी त्यांची होती आणि ते मध्यस्थाला शोभेल एवढं खोटं नेहमी जवळ बाळगत.) "अहो पाटील, बंदूक मंजे याच्या हातचा खेळ! झोपून गोयी मारते हा, झोपून!"

झोपून मारायचो हे खरं आहे. कॉलेजच्या कॅम्पला सगळेच पोटावर झोपून मारतात. तिथे माझ्या सगळ्या गोळ्या शेजारच्या मुलाच्या निशाण्यावर लागल्या आणि त्या वर्षीचं बक्षीस त्याला मिळालं. मी कारंज्याच्या शाळेत गणित शिकवत होतो, ही एकुलती एक खरी गोष्ट सांगायची मामा विसरले.

तेवढ्यात मुलगी, म्हणजे सुमन, पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिने बाजेवरचं पिस्तूल उचलून कोनाड्यात ठेवलं, त्या जागी बशा ठेवल्या आणि म्हणाली, "बाबा, पाव्हन्याइले अगुदर खाऊ तं द्या."

मला ती आवडली. आडपडदा कशाला, फार आवडली! त्याआधी मी काही मुली पाहिल्या होत्या, त्यांनीही मला पाहिलं होतं, आणि एसटीत बसेपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांना विसरल्या होत्या. ही मात्र जन्मभर समोर असावी असं वाटलं. मी पोह्यांचा घास घेतला आणि नेमकी तेव्हाच पाटलांनी अट घातली.

"सरळ सांगतो पाव्हने. मले जावई माहितगार पाह्यजे. हे वाजवून दाखवा, वानरं पयवून दाखवा, मंग पुढची बोलनी. नाहीतं मंगरूळचा एक कंपाउंडर बी पोरीले पाहून गेला हाय."

"हाव जी," मी म्हणालो. घास अजून घशातच होता.

आतून सुमनची आई (मी त्यांना लगेच मावशी म्हणायला लागलो) काडतुसांचे दोन डबे घेऊन आली. एक पत्र्याचा, पिस्तुलासोबत आलेल्या जुन्या विलायती काडतुसांचा. दुसरा पुठ्ठ्याचा, पाटलांनी अकोल्याहून आणलेल्या देशी काडतुसांचा. देशी काडतुसं मळकट दिसत होती. विलायती मात्र सोन्यासारखी झळकत होती.

"काय चकाकतात हो!" मी म्हणालो.

"चकाकतीनच!" मावशी खुलल्या. "दर साली तुरीच्या दायीले एरंडीचं तेल लावतो ना, तवा याइलेबी लावते म्या. मस्त चोयते, उन्हात घालते, डब्यात भरून ठेवते. एवढ्या वर्साचे हायेत, पन एकाले कीड लागू देली नाही!"

आमच्याकडे डाळ अशीच टिकवतात. घरातली टिकवायची वस्तू दिसली की तेल लावून तिला ऊन दाखवायचं. काडतूस ही घरातली वस्तू होती आणि ती टिकायला हवी होती, तेव्हा मावशींचं काही चुकलं नव्हतं. चुकायचा मान माझा होता.

"शाबास मावशी!" मी म्हणालो. "एनसीसीत आम्ही रायफलीले तेलच लावतो!" (रायफलीला. काडतुसाला नव्हे. हा फरक मला त्या वेळी किरकोळ वाटला.)

"मंग हे देशीवाले?" पाटलांनी विचारलं.

"त्याइले तेल लावाचं राह्यलं," मावशी ओशाळून म्हणाल्या.

"मग ते राहूच द्या," असं म्हणून मी मांडी नीट घातली. शिक्षकाला कुणी ऐकतंय असं दिसलं की तो थांबत नाही. "पाहा पाटील, मोठ्या काडतुसाच्या बुडाले मधोमध टिकली असते, घोडा तिच्यावर बसते. या बारक्या काडतुसाचं तसं नाही. याचा मसाला बुडाच्या काठात भरलेला असते आन घोडा काठावरच आपटते. लहान पिस्तुलाचा घोडा बी नाजूक. म्हनून माल एक नंबरचा पाह्यजे."

इथवर सगळं खरं होतं. इथे थांबायला हवं होतं.

"आन चकाकी मंजे," मी म्हणालो, "मसाला ताजा!"

पाटलांनी मान डोलावली. आम्ही विलायती डबा घेऊन मळ्यात निघालो. पाटलांकडचा पाहुणा पिस्तूल वाजवणार ही बातमी आमच्यापुढे पोचली होती. बांधावर अर्धं गाव उभं होतं. पेरूच्या झाडावर वानरांचा सगळा कळप बसला होता. मी काडतुसं भरली, नळी आभाळाकडे धरली, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टक्.

"बाप्पा! काय आवाज हाय!" मामा ओरडले. त्यांची बोटं कानात होती.

"वाजलंच नाही," पाटील म्हणाले.

"असं होते कधी," मी म्हणालो. "काडतूस उशिरा बी फुटू शकते. काही वेळ नळी वरच धरायची."

नळी वर धरली. सगळं गाव वर बघू लागलं. गाव काय बघतंय म्हणून वानरंही वर बघू लागली. आभाळात काहीच झालं नाही. मग मी पिस्तुलाचा वरचा पत्रा मागे ओढला, ते काडतूस बाहेर उडालं आणि त्या जागी दुसरं आलं. टक्. तिसरं. टक्. मग मी माझी विद्या पणाला लावली. काठ एका जागी फुटत नसेल तर दुसऱ्या जागी फुटेल, म्हणून तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा घातलं. टक्! एक थोराड वानर झाडावरून उतरलं, त्याने वांगं तोडलं आणि माझ्यासमोर बांधावर बसून खाऊ लागलं.

"माह्यापासून तं ते लांब राह्यते," पाटील म्हणाले. "तुमच्यापाशी जेवून राह्यलं."

गावकरी हसले. सुमनही पदर तोंडाला लावून हसली. मंगरूळचा कंपाउंडर मला डोळ्यांपुढे दिसू लागला.

"दमट झाली काडतुसं," मी घाईघाईने निकाल दिला. "जरा ऊन दाखवा. जेवणं झाली का पुन्हा पाहू." पिस्तुलाच्या मुठीतलं मॅगझीन मी ओढून काढलं आणि त्यातली व खाली पडलेली काडतुसं मावशींच्या ओंजळीत दिली. अंगणात लुगड्यावर तुरीची डाळ वाळत होती. मावशींनी तिच्या कडेलाच काडतुसं पसरली. (तेल लावलेल्या वस्तू एका ठिकाणी!)

जेवायची वेळ झाली तेव्हा पाटलांनी काडतुसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. तरी एक कमीच!

"हिसाब द्यावा लागते वरती!" पाटलांचा चेहरा उतरला. "गेलं कुठी?"

अंगण झाडून झालं, कोंबड्यांवर संशय घेऊन झाला. मग एकाएकी मावशींनी कपाळावर हात मारला.

"माय वं! वरनाले दाय म्या त्याच लुगड्यावरून घेतली!"

आत चुलीवर वरण रटरटत होतं. क्षणभर कुणीच हललं नाही. नंतर सगळेच हलले! मामा सर्वांत आधी रस्त्याला लागले. गावचे पोलीस पाटील बैलबंडीच्या चाकामागे बसले. मावशी विहिरीआडून "आता करपून जाईन न वं!" म्हणून ओरडत होत्या. जाणकार या नात्याने धीर देणं माझं कर्तव्य होतं.

"कोणी घाबरू नका!" मी गोठ्यातून म्हणालो.

सुमन मात्र घरात गेली. तिने पातेलं पदराने धरून उतरवलं, अंगणात आणलं आणि पळीने बुडापासून ढवळलं. "याच्यात तं नुसते टमाटे हायेत," ती म्हणाली. आम्ही एकेक जण, काही तरी वेगळंच काम करत होतो असा चेहरा करून, बाहेर आलो. मामासुद्धा परत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"पिस्तुलातच तं नसन राह्यलं?" पाटलांनी विचारलं.

"शक्यच नाही!" मला आता कुठे तरी बरोबर ठरायचंच होतं. "मॅगझीन काढलं का पिस्तूल रिकामं." (आमच्या कॅम्पच्या रायफलीत एकेक गोळी हाताने घालायची असे. मॅगझीन मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो!) "हे पाहा," असं म्हणून मी घोडा मागे ओढला, नळी खाली धरली आणि सगळ्यांदेखत चाप दाबला.

टक्.

"पाह्यलं? रिकामं!"

पाटलांनी माझ्या हातून पिस्तूल घेतलं आणि पत्रा ओढला. आतून एक झळझळीत, तुकतुकीत काडतूस उडालं आणि मामांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. नळी जमिनीकडे होती असं मी म्हणालो खरं, पण जमिनीच्या त्या भागावर मामा उभे होते.

मामांनी अंगठा हलवून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाहा," मावशी अभिमानाने म्हणाल्या, "म्हनून म्या तेल लावते!"

पाटील घरात गेले, पुठ्ठ्याच्या डब्यातलं एक मळकट देशी काडतूस घेऊन आले, पिस्तुलात घातलं आणि हात आभाळाकडे केला. फाट्! बांधावरची वानरं पार रस्त्यापलीकडे गेली आणि मामा खाली बसले.

"तेल मसाल्यात मुरलं," पाटील शांतपणे म्हणाले. "लावाचं राह्यलं तेच वाजलं."

मला जे कळायचं ते कळलं. मी ओसरीवर जाऊन चपला शोधू लागलो. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यात पिस्तुलाचं काही नव्हतं. वरणाचं पातेलं घेऊन बाहेर येणारी सुमन डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि ती आता मंगरूळला जाणार होती.

"सुमन," मागून पाटलांचा आवाज आला, "मंगरूळवाल्याले हो सांगू ना मंग?"

"नोका सांगू," सुमन म्हणाली. "मले हेच पाह्यजेत."

माझ्या हातातली चप्पल खाली पडली.

"हे?" पाटील ओरडले. "काहून वं? याइले तं काहीच येत नाही!"

"म्हनूनच तं, बाबा. भरलं पिस्तूल देलं, चाप दाबला, तरी कोनाले काही झालं नाही. असा गरीब मानूस मले अजून कुठी भेटीन?"

पाटलांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनाही ते पटलं. मला अजून पटायचं आहे, पण आजही मी घरात रागाने आवाज चढवला, की मुलं दचकून आईकडे बघतात आणि आई पोळी वाढता वाढता म्हणते, "जेवा तुमी खुशाल, काही होत नाही."