घोडेस्वारीची रिकामी सीट

माथेरानच्या घोड्यावर बसलेल्या माझ्या मुलीचा फोटो मी कॉलेजच्या स्पोर्ट्स स्कॉलरशिपच्या अर्जाला जोडला. खेळ लिहिला, घोडेस्वारी.

फोटोत मुलगी दुसरीतली. डोळे गच्च मिटलेले. लगाम घोडेवाल्याच्या हातात. आणि कडेला मी, अर्धं खाल्लेलं कणीस घेऊन, घोड्यापासून चार हात लांब. कारण घोड्याची मला भीती वाटते.

हाच फोटो मुलाखतीच्या दिवशी दुबईतल्या त्या कॉलेजच्या मीटिंग रूममध्ये भिंतभर लावला होता. कणीस उशीएवढं दिसत होतं. टेबलापलीकडे तिघं जण. स्पोर्ट्स डायरेक्टर, दिल्लीकडचा, स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडत असतील असा. त्याच्या बाजूला अ‍ॅडमिशनच्या बाई, पुण्याच्या. आणि एक तरुण पॅडल कोच. पॅडल म्हणजे काचेच्या खोलीत खेळतात ते छोटं टेनिस. इथे हल्ली साहेबलोकांना त्याचं वेड आहे.

डायरेक्टरने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"इज दिस द हॉर्स?"

"येस सर," मी म्हणालो. काय म्हणणार? घोडाच होता.

तिघं हसले. मीही हसलो. माझी ही जुनी खोड आहे. कुणी माझ्यावर हसलं की मी त्यांना सोबत करतो. शेजारी प्रज्ञा बसली होती. माझी मुलगी. ती हसली नाही.

आता एवढा गाढवपणा मी का केला, ते सांगतो.

मी शारजाच्या औद्योगिक भागात एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. बायको डबे करते. इथल्या आमच्यासारख्यांच्या घरात मुलं बारावी झाली की एकच प्रश्न असतो. पोर इथे राहणार की इंडियाला पाठवायचं? इथल्या कॉलेजची फी मी दिरहममध्ये ऐकली, मनातल्या मनात रुपयात केली आणि पाणी मागितलं. म्हणजे स्कॉलरशिप मिळाली तर मुलगी घरात, नाही मिळाली तर नांदेडला माझ्या बहिणीकडे. हिशेब एवढाच होता.

आणि मुलगी खेळात होती. अशीतशी नाही. तिने घोटा धरला की समोरची मध्यरेषा विसरायची.

कबड्डी मीच शिकवली. मी परभणीकडचा. तालुक्याच्या शाळेत बॅडमिंटनचा हॉल होता. आत जायला पांढऱ्या तळव्यांचे बूट लागत. आमच्याकडे नुसते तळवे होते, तेही काळे. शिपाई दारातूनच हाकलायचा. मग आम्ही वस्तीमागच्या मातीत रेघ ओढली. कबड्डीला काही लागत नाही. दम लागतो. तो भरपूर होता, कारण बाकी काही खर्च करायला नव्हतं.

शारजाला आल्यावर वर्कशॉपमागच्या रेतीत तीच रेघ ओढली. रविवारी पंजाबी पोरं येतात, तमिळ येतात. मग पोरीही यायला लागल्या. प्रज्ञाच्या टीमने एकदा मंगळूरकडच्या नर्सेसच्या टीमला हरवलं, तेव्हा मी एवढा ओरडलो की पलीकडच्या गॅरेजचा पठाण पाना घेऊन धावत आला. त्याला वाटलं कुणी गाडीखाली गेलं.

तर कॉलेजचा अर्ज भरायला बसलो. ऑनलाइन. खेळाच्या रकान्यावर बोट ठेवलं की खेळांची नावं खाली घसरत येतात. टेनिस. पॅडल. गोल्फ. पोहणं. घोडेस्वारी. फुटबॉल, बास्केटबॉल. कबड्डी नाही. 'इतर' पण नाही. मी फोन बंद करून परत चालू केला. कबड्डी काही उगवली नाही.

त्या कॉलेजच्या ऑफिसात आमचा लोपीस आहे. वसईचा. त्याची सेलिना आमच्या रेतीत खेळते. त्याला फोन लावला.

"अरे बाबा," लोपीस म्हणाला, "घोड्याची सीट दरसाल रिकामी जाते. एक अर्ज येत नाही."

"का?"

"ज्याच्या घरी घोडा, त्याला स्कॉलरशिप कशाला?"

"मग ठेवतात कशाला?"

"ब्रोशरवर घोडा चांगला दिसतो."

लोपीसने माहिती दिली, सल्ला नव्हता दिला. अक्कल माझी. मी म्हटलं, सीट रिकामी आहे ना, मग आधी आत शिरू. आत गेल्यावर सांगू की कबड्डी खेळते. समोर माणसंच आहेत, समजून घेतील. बायको म्हणाली, "अहो, असलं काही करू नका." प्रज्ञा म्हणाली, "बाबा, दिस इज सो एम्बॅरसिंग." घरात दोन शहाणी माणसं होती. अर्ज तिसऱ्याने भरला.

आता परत त्या रूममध्ये.

हसणं संपल्यावर पुण्याच्या बाई मराठीत बोलल्या. आवाजात साखर.

"मूळ गाव कुठलं तुमचं?"

"परभणी जिल्हा."

"जिल्हा झाला. गाव?"

मी गाव सांगितलं.

"गावात कुठे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. विमानात बसून समुद्र ओलांडला, तेवीस मजली इमारत, थंडगार रूम, आणि हा प्रश्न माझ्याआधी येऊन खुर्चीत बसला होता.

"कडेला," मी म्हणालो.

"अच्छा," बाई म्हणाल्या. आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

मी मग खरं सांगून टाकलं. सर, घोडा खोटा. मुलगी कबड्डी खेळते. टीमची कॅप्टन आहे. रेतीवरचा व्हिडिओ मी मोबाइलवर तयार ठेवला होता. तो कुणी मागितला नाही.

डायरेक्टर सभ्यपणे बोलला. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच अडचण असते. म्हणाला, सीट्स आम्ही खेळाच्या प्रोफाइलप्रमाणे देतो. कुठल्या खेळाला स्पॉन्सर आहे, कुठला खेळ कॉलेजच्या इमेजला फिट होतो. कबड्डीला प्रोफाइल नाही.

"सर, घोड्याची सीट रिकामीच आहे ना? ती द्या."

"ती त्या खेळाची सीट आहे. रिकामी राहिली तरी त्याच खेळाची."

म्हणजे न आलेल्या घोड्याला जागा होती. समोर बसलेल्या मुलीला नव्हती.

तिथेच उठायला हवं होतं. पण पॅडल कोच खुर्चीत पुढे सरकला. "अंकल, ये कबड्डी होता क्या है? थोडा दिखाओ ना."

प्रज्ञाने माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "बाबा, डोन्ट."

आणि मी उठलो.

मला खरंच वाटलं की त्यांना बघायचंय. एकदा बघतील, मग कळेल. माझा या खेळावर एवढा विश्वास. बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर. गालिच्यावर उतरलो. गळ्यात टाय, पोट पुढे, वय पन्नाशीला टेकलेलं. दम घेतला आणि सुरू केलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. टेबलाला वळसा घातला. कोचने मोबाइल वर धरला होता. व्हिडिओ चालू. मी आणखी जोरात. डायरेक्टर खुर्ची वळवून बघत होता. मी खाली वाकलो, हात लांब टाकला आणि त्याच्या बुटाला टच केला.

आमच्या रेतीवर, चढाई करणाऱ्याचा हात लागला की समोरचा बाद. उठून बाहेर जायचं. कुणीही असो.

डायरेक्टरने पाय मागे घेतला आणि दोन्ही हात वर केले.

"नो नो, प्लीज! माझ्या पाया पडायची गरज नाही."

रूम हशाने फुटली. बाईंनी डोळे पुसले. कोचचा मोबाइल हसण्याने हलत होता.

मी तिथेच खाली. एक गुडघा गालिच्यावर. धाप लागलेली. सांगायचं होतं की सर, तुम्ही बाद झालात. पण श्वासच नव्हता. आणि वरून बघणाऱ्याला मी खरंच पाया पडलेलाच दिसत होतो. मी काय केलं, हे मी ठरवणार नव्हतो. खुर्चीवर बसलेला ठरवणार होता.

त्या वेळी मला शाळेचा शिपाई आठवला. त्याने निदान बाहेरच्या बाहेर हाकललं होतं. यांनी आत बोलावलं.

डायरेक्टर मग खूश होऊन म्हणाला, मुलीसाठी एक गोष्ट करता येईल. पॅडल टीमला मदतनीस लागते. बॉल गोळा करणं, टॉवेल, पाणी. फीमध्ये थोडी सवलत देऊ.

"थँक यू सर," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. बुटात पाय घालता घालता. आधी थँक यू निघालं, मग ऐकलेलं डोक्यात शिरलं.

प्रज्ञा उभी राहिली. "नो," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही. दार उघडलं आणि गेली. मी एक बूट घातलेला, दुसऱ्याची लेस सुटलेली, तिच्यामागे.

लिफ्टमध्ये ती आरशाकडे बघत होती. गाडीत खिडकीबाहेर. शारजाचा ट्रॅफिक नेहमीसारखा तुंबलेला. मी म्हणालो, "भूक लागली का? शोर्मा घेऊ?" मी एकट्यासाठी घेतला आणि तोही खाल्ला नाही.

नकाराचा ईमेल आला. खाली शुभेच्छा होत्या. लोपीसकडून कळलं, घोड्याची सीट याही वर्षी रिकामी गेली.

प्रज्ञा नांदेडला गेली. मला वाटलं, तिकडे तरी कबड्डी आपली आहे, खेळाडूंच्या कोट्यातून सहज मिळेल. तिकडच्या कॉलेजने जिल्ह्याचं, राज्याचं सर्टिफिकेट मागितलं. आमच्याकडे रेतीतल्या रविवारचा एक स्टीलचा कप होता. बहीण तो पिशवीत घालून घेऊन गेली होती. क्लार्क म्हणाला, "ताई, यात चहा प्या." इकडे कबड्डी नव्हती. तिकडे होती, पण ती आमची नव्हती. पोरीला साधी अ‍ॅडमिशन मिळाली. घरात आता दोन ताटं. बायको अजून तिघांच्या पोळ्या लाटते आणि उरलेल्या डब्यात भरते. मी बघतो. मला त्यावर काही करता येत नाही.

मग एका दुपारी पॅडल कोचचा फोन आला. मी छतावर डक्ट मोजत होतो.

"अंकल! इंटरनॅशनल डे है कॉलेज में. आपका वो आयटम चाहिए. सबने व्हिडिओ देखा, सुपर फनी. लडकियाँ भी लाओ ना, वो साडी पहना के, नऊवारी."

सबने देखा. मी शिडी धरली.

"इन्शाल्ला, देखते हैं," मी म्हणालो. इथे 'नाही' म्हणायचं नसलं की माणूस इन्शाल्ला म्हणतो. देवाच्या नावावर ढकलून मोकळा.

"हबीबी, इन्शाल्ला नहीं, पक्का बोलो. सर्टिफिकेट भी देंगे."

आणि त्या उन्हात, माझ्या आत काहीतरी खलास झालं. राग नव्हता. राग मला येतो आणि जातो. हे थंड होतं.

"नहीं," मी म्हणालो.

"क्यों अंकल?"

"खेल है. आयटम नहीं है. मेरा व्हिडिओ निकाल दो."

"अरे, मजाक था..."

"मैंने मजाक नहीं किया था."

फोन मी ठेवला. खाली हेल्पर विचारत होता, माप किती? मी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

पुढच्या वर्षी लोपीसची सेलिना बारावी होतेय. मी लोपीसला सांगितलं, तिचा अर्ज मी भरणार. घोडा नाही, खोटं काही नाही. खेळ : कबड्डी. त्यांच्या यादीत नसेल तर कागदावर लिहून नेऊन देणार, आणि त्याच रूममध्ये तिच्यासोबत बसणार. लोपीस म्हणाला, "माझी नोकरी जाईल रे." मग म्हणाला, "ये. पण माझं नाव घेऊ नको."

आणि मी ठरवलंय. गालिच्यावर आता कुणाला काही करून दाखवणार नाही. कुणी म्हणालं, दाखवा, तर म्हणेन, रविवारी रेतीवर या. बूट काढा. रेषेपलीकडे उभे राहा. हात लागला तर बाहेर जा. मग सीट कुणाची ते बोलू. ते येणार नाहीत, मला माहीत आहे. सेलिनाला सीट मिळणार नाही, हेही जवळपास माहीत आहे. पण या वेळी 'नाही' त्यांना कबड्डीला म्हणावं लागेल. घोड्याच्या आड लपलेल्या माझ्यासारख्या गाढवाला नाही. आणि थँक यू मी म्हणणार नाही.

हे सगळं मी प्रज्ञाला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. कोचला काय म्हणालो, ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा थोडं वाढवून. ती आत्याच्या ओट्यावर बसून घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळत होती. पूर्ण ऐकून घेतलं.

"हे सगळं तू फोनवर बोललास ना?" तिने विचारलं.

"हो. एकदम तोंडावर... म्हणजे, फोनवरच."

तिने बँडेजचं टोक दाताने ओढलं.

"फोनवर कुणीही शूर असतं, बाबा. समोर बसून बोल, मग मला कॉल कर."