ठेल्याला लागणारा वेळ

इतवारी बाजाराच्या तोंडाशी नवा सिग्नल लागला, तेव्हापासून त्याची देखभाल करणारा मेकॅनिक माझ्या घड्याळाच्या दुकानासमोर दिसू लागला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. खांबाजवळची लोखंडी पेटी उघडून तो आतल्या टायमरशी बोलायचा, "काहून गा, आज रुसला काय?"

एका सकाळी धान्याच्या पोत्यांनी भरलेला हातठेला चौकाच्या मधोमध असतानाच दिवा लाल झाला. दोन्हीकडून ट्रक अंगावर आले. ठेला ओढणारा म्हातारा कसाबसा पलीकडे पोचला. ते पाहून मेकॅनिक तडक माझ्याकडे आला.

"तुमी घड्याळ पाहा. मी ठेला ओढून पायतो."

"साहेबाले काय सांगशील?"

"सांगीन, मोजून पायलं."

चौकातल्या वाहतूक शिपायाला गाड्या थांबवायला सांगून त्याने तो भरलेला ठेला पलीकडून आमच्या बाजूला ओढत आणला; म्हातारा मागोमाग आला. घामाने त्याचा खाकी सदरा पाठीला चिकटला होता. सिग्नल देत होता त्यापेक्षा नऊ सेकंद जास्त लागले होते. तेवढा वेळ त्याने लगेच टायमरमध्ये वाढवला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "आता जा."

म्हातारा ठेला ओढत निघाला, पलीकडे पोचला, आणि मागे वळून पाहतो तर काय!

"अजून हिरवाच हाये गा! तुह्यापेक्षा मीच लवकर पोचलो!" तो तिथूनच ओरडला.

मेकॅनिक इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.