कॉलर लावणारी बाई

माझी आई कपडे शिवते, असं मी शाळेपासून सगळ्यांना सांगत आले. ते चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. लोणंदच्या बाहेर शर्टांची एक शेड आहे, तिथे ती अकरा वर्षं मशीनवर बसते. तिथून तयार शर्टांचे टेम्पो भरून जातात, म्हणजे ती शर्टच शिवत असणार. आमच्या स्वतःच्या ब्लाउजचं कापड मात्र ती शेजारच्या गल्लीतल्या काकूंकडे टाकायची. असं का, हे मी विचारलं नाही. थकत असेल, एवढंच मनात आलं.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात ‘आपल्या भागात शिवलेलं घाला’ असा कार्यक्रम ठरला आणि निवेदन माझ्याकडे आलं. भरात येऊन मी सरांना म्हणाले, “सर, माझी आई शर्ट शिवते. तिला बोलवू?”

“बोलव की. सत्कार करू. शाल, श्रीफळ.”

आईला सांगितलं तर तिला हसूच आलं. “माजा सत्कार? कशापायी गं?”

“तू शर्ट शिवतेस म्हणून.”

“आगं, पर मी...”

“नाही म्हणू नकोस. मी शब्द दिलाय.”

ती पुढे काय सांगणार होती, ते मी ऐकून घेतलं नाही. तिने शेडवर सुट्टी मागितली. पोरीच्या कॉलेजात सत्कार हाय, असं सुपरवायझरला सांगितलं, लाइनीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं. भाचीच्या लग्नातली साडी इस्त्री करून आणली.

त्या दिवशी मी आधी बोलले. आपल्या माणसांनी शिवलेलं घ्या, शर्टामागचे हात ओळखा, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. मग सरांनी पडदा सरकवला. स्टेजवर तीन शिलाई मशीनं आणि प्रत्येकावर कापून ठेवलेला एक कुर्ता. गावातल्या दोन शिंपिणीही आल्या होत्या. सर म्हणाले, “नुसता सत्कार कशाला? प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे! जिचा कुर्ता आधी होईल तिला शाल.”

आई मशीनपाशी गेली, खाली वाकून बघितलं. “आवं सर, ही पायाची हाय. आमच्यात मोटारीची असत्यात.”

“मशीन ते मशीन, मावशी. बसा.”

तिने पाय मारला. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मागून एक जण ओरडला, “मावशी, रिव्हर्स पडलाय!” हॉल हसला. शेजारच्या दोघींच्या बाह्या जोडून होत आल्या होत्या. आई कुर्त्याचे तुकडे हातात घेऊन उभी राहिली.

“सर, ह्याचं खांदं कुनीतरी जोडून द्या. मी कॉलर लावती. कॉलर मला लय चांगली येती.”

“खांदे कोण जोडणार? शेजारीण?” सर माइकवर म्हणाले.

पुन्हा हसू. आईने माझ्याकडे बघितलं. माझ्याही हातात माइक होता. मला वाटलं, मी समजावून सांगेन.

“तिला फक्त कॉलर लावता येते,” मी म्हणाले.

ते मला त्याच क्षणी कळलं होतं. शेडमध्ये एकीकडे खिसा, एकीकडे कफ, एकीकडे कॉलर असणार, पूर्ण शर्ट कुणाच्याच वाट्याला येत नसणार, हे सगळं मला पुढे बोलायचं होतं. पण हशा इतका मोठा झाला की जमलं नाही. आणि खरं लिहायचं तर मीही हसले. थोडंसंच. तेवढं तिने बघितलं.

शाल पहिल्या आलेल्या बाईंना मिळाली. आईच्या हातात नारळ ठेवून सर म्हणाले, “हे उत्तेजनार्थ.”

एसटीत ती खिडकीपाशी बसली. नारळ मांडीवर होता. मग म्हणाली, “तुला ठावंच नव्हतं व्हय?”

“नाही.”

“अकरा वर्सं?”

मी पर्स उघडून तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागले.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो आईच्या आधी शेडवर पोचला. हे तिने सांगितलं नाही. खिसे लावणारी आमची शेजारीण सांगत होती. आई आत शिरली की बायका म्हणत, “आली गं सत्कारवाली.” तिने सुपरवायझरला विचारलं, मला बाह्या शिकाय देता का. तो म्हणाला, “कॉलेजात नापास झालासा न्हवं? आता गप कॉलर लावा.”

यंदा तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरताना आईच्या व्यवसायापुढे मी सवयीने ‘शिवणकाम’ लिहिलं.

“काय लिवलंस?” आईने विचारलं. मी वाचून दाखवलं.

“खोड ते.”

“आई, असू दे की.”

“तूच म्हनलीस न्हवं माइकात? कॉलर लिव.”

मी खोडलं आणि ‘कॉलर लावणे’ असं लिहिलं.

खिडकीतल्या क्लार्कने ते वाचलं, जरा हसला आणि पेनने त्यावर काट मारली. बाजूला ‘मजुरी’ लिहून म्हणाला, “इथं सही कर.”

मी सही केली.