समजलं म्हणायची घाई

माझा भाऊ सुमेध जाऊन सहा आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर मला अजून रागच येतो... भेटायला येणाऱ्यांचा, त्या डॉक्टरांचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. त्याच्यामागं केलेल्या जलदान विधीच्या दिवशी आमचे एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरगा हुशार होता, पन गेम खेलन्यातच गेला बिचारा." मी हातातलं ताट तिथंच ठेवलं आणि आत निघून गेले.

लाखनीत हायवेच्या कडेला त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की तो लॅपटॉप उघडून एका टूलचं काम करायचा. गेममधल्या आपल्या लढवय्यानं कोणती हत्यारं, कोणती कौशल्यं घेतली तर तो किती ताकदवान होईल, हे खेळण्याआधीच मांडून दाखवणारं ते टूल जगभरातले हौशी लोक मिळून चालवतात. हत्याराचा प्रत्येक गुण, म्हणजे मॉडिफायर, टूलला कळेल अशा ठरावीक पद्धतीनंच एका ओळीत लिहावा लागतो. वीस आणि तीस टक्के वाढ आधी एकत्र मिळवायची असेल तर शंभराचे दीडशे होतात. एकावर एक चढवायची असेल तर एकशे छप्पन्न. नवा माणूस हमखास इथं चुकतो, आणि टूल काही तक्रार न करता चुकीचं उत्तर देत राहतं. अशा नव्या लोकांना ओळ कशी लिहायची हे शिकवणारी पानं सुमेध लिहायचा.

ती साध्या इंग्रजीतली पानं आधी माझ्यापुढे यायची. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मला गेममधलं ओ का ठो कळत नाही, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं. मला वाचायला बसवून तो गप्प राहायचा. मी अडले तरी समजावून सांगायचा नाही, पानच दुरुस्त करायचा. "अरे, तोंडानं सांग ना!" मी वैतागायचे. "मी काय सगळ्यायच्या घरी जाऊन सांगू का, ताई? तू अडली म्हणजे पान चुकलं." एकदा मला पेपर तपासायचे होते, म्हणून "समजलं" म्हणत मी उठायला लागले, तर त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मंग लिहून दाखव एक ओळ." मला येईना. "समजलं म्हनायची एवढी घाई कायले करते?" म्हणाला आणि खूप हसला.

सुमेधला लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. शेवटच्या वेळी दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी उभ्या उभ्या, अर्धं इंग्रजीत, चार सूचना एका दमात सांगितल्या आणि विचारलं, "समजलं ना?" मागे रांग होती. सुमेध बाकावर डोळे मिटून टेकला होता. आई आणि मी एकदमच म्हणालो, "हो, सर." आमच्याकडे साहेबासमोर असंच म्हणतात. परत विचारलं तर आपण अडाणी ठरू, साहेब चिडतील... आणि मी तर वर्गात रोज पोरांना सांगते, कळलं नाही तर हात वर करा! घरी आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी त्याला ताप आला. आम्ही तापाची गोळी दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, वाट बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी भंडाऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. ताप आल्यास त्याच दिवशी घेऊन या, असं चिठ्ठीत खाली लिहिलं होतं. ते अक्षर नंतर औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घ्यावं लागलं. कुठल्या अनोळखी माणसाच्या गेममधला आकडा चुकू नये म्हणून माझा भाऊ एकेक ओळ दहादा लिहायचा. त्याच्या जिवाची ओळ कुणी एकदा धड लिहू नये?

टूलच्या लोकांना मीच कळवलं. सगळे हळहळले. पण महिनाभरातच त्यातल्या एकानं सुचवलं, ही पानं फार लांब आहेत, उदाहरणं काढून टाकू, एवढं तर कुणालाही समजतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहिलं: घरातल्या गेम न खेळणाऱ्या माणसाला उदाहरण झाकून हे पान द्या, शेजारी गप्प बसा, आणि त्याला ओळ लिहिता आली तरच उदाहरण काढा. दोन दिवसांनी त्याच माणसानं कळवलं की त्याच्या बायकोला जमलं नाही. उदाहरणं राहिली. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात आईला रक्तदाबासाठी दाखवायला नेलं. डॉक्टर वेगळे, रांग तशीच. त्यांनी भराभर सांगितलं, चिठ्ठी खरडली आणि पुढच्याला हाक मारली. मी उठले नाही. "नाही समजलं, सर. परत सांगा. मग आई तुम्हाला सांगून दाखवेल." मागून एकजण म्हणाला, "चाला ना बाई, आमाले उशीर होऊन राहिला." होऊ दे. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, काय झालं की धावत यायचं, हे आईनं आपल्या भाषेत सांगितलं. एक गोष्ट चुकली. डॉक्टरांनी ती परत सांगितली आणि सुवाच्य मराठीत लिहून दिली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाहेर आल्यावर आई हातात चिठ्ठी धरून पायरीवरच थांबली.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "मंग तवा काहून नाही इचारलं वं आपन?"