राख पातळच पसरायची

आमच्याकडे राखेवरून भांडणं होतात. बाहेरच्याला हसू येईल, येऊ दे. काळ्या पावाचं धान्य आम्ही शरदात पेरतो आणि ते हिवाळाभर बर्फाखाली पडून राहतं. एप्रिलातही बर्फ उठला नाही, तर तिथंच कुजतं. म्हणून चुलीची राख सगळा हिवाळा पिंपात साठवायची आणि ऊन तापायला लागलं की शेतावरच्या बर्फावर पसरायची. काळ्यावर ऊन धरतं, पांढऱ्यावर धरत नाही. राख पडलेलं शेत दहा-बारा दिवस आधी मोकळं होतं, आणि तेवढ्यावर वर्षाचा पाव ठरतो.

या कामात देल्फीनाचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती माझी शेजारीण. लग्न होऊन खालच्या चेस्टनटच्या गावातून आलेली, पण बर्फाचं आमच्यापेक्षा तिलाच जास्त कळायचं. काठी खुपसून सांगायची, "सकाळी नऊपर्यंत पेलेल, नंतर कमरेपर्यंत जाशील." आणि तसंच व्हायचं. राख पसरायला निघालो की ती पुढे, आणि तिची जीभ तिच्याही पुढे. "अगं मादलेन, पातळ! पीठ भुरभुरवतात तशी टाक. जाड टाकलीस तर बर्फाला गोधडी होईल, जूनपर्यंत उठायचा नाही!" वीस वर्षं मी हे ऐकलं. एकदा चिडून अख्खी बादली तिच्या पायावर ओतली. ती इतकी हसली की शेवटी मलाही हसावं लागलं.

फेब्रुवारीत तिचा नवरा कियाफ्रेदो वरच्या कोठारातलं गवत घसरगाडीवर लादून खाली आणत होता. घळीत बर्फाचा लोट आला. गाडी सापडली, गवत सापडलं, तो सापडला नाही. पुरुषांनी लांब काठ्या खुपसून नऊ दिवस शोधलं. मग पाद्रीबाबा म्हणाले, "आता बर्फ देईल तेव्हा." त्या घळीतला बर्फ जुलैच्या आत काही देत नाही.

देल्फीना रडली नाही. गाईची धार काढायची, चीज उलटंपालटं करायची, सासूला दुधात पाव भिजवून द्यायची. विचारलं तर उत्तर द्यायची, पण तेवढंच. तिची जीभ गेली याचीच मला जास्त भीती वाटली.

सासू कातालीन, चौऱ्याऐंशी वर्षांची. ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "बर्फ किती राहिला रे? पोराला मातीत ठेवते आणि मग मी जायला मोकळी."

एप्रिल लागला तशी देल्फीना घरातली टोपलीभर राख घेऊन घळीत गेली. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरली. माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"राख आहे?"

"आहे. शेताची."

"दे."

कोणी नाही म्हटलं नाही. लवकर वितळला तर लवकर सापडेल, म्हातारीच्या डोळ्यांदेखत माती होईल, हे सगळ्यांनाच कळत होतं. ज्यांची शेतं उन्हाच्या अंगाला त्यांचं काही बिघडत नव्हतं. माझं सावलीत आहे. तरी मी होती तेवढी चार टोपल्या राख दिली. मोठेपणा नव्हता त्यात, तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. ती गेल्यावर मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

रोज पहाटे, रात्रीच्या गारठ्यानं वरचा थर दगडासारखा असतो तेव्हा ती पाठीवर टोपली घेऊन निघायची आणि नऊच्या आत परत यायची. ईस्टरला पुन्हा हातभर बर्फ पडला, त्यातही गेली. गावातली शेतं एकेक करून काळी झाली. माझं पांढरंच. कातालीन विचारायची, "किती राहिला गं?" देल्फीना म्हणायची, "आहे अजून, आई."

एप्रिल संपत आला तेव्हा माझा धीर सुटला. एवढी राख घालून बर्फ वितळत कसा नाही, ते बघायला मी तिच्याबरोबर चढले. वारा कोमट होता, पायाखालून पाणी वाहताना ऐकू येत होतं. घळीत पोचलो आणि मी बघतच राहिले. आजूबाजूचा बर्फ कमरेएवढा खचला होता. मधे खाटेएवढी जागा तेवढी टेबलासारखी वर राहिली होती, आणि तिच्यावर वीतभर जाड राख.

मी भडकले. "हे काय केलंस गं? शेंबड्या पोरालाही कळतं! गोधडी घातलीस की त्याला! आमच्या सगळ्यांची राख..."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो इथंच आहे. पहिल्या दिवशी हातमोजा दिसला. मीच विणलेला. आत हात होता. वर बर्फ लोटून झाकला, मग राख."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही मला माझं कुजणारं शेत आठवलं आणि मग माझी मलाच लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काढला असता, पुरला असता." मिठाचा भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "मग रोज पहाटे उठून मी कुठं जायचं, मादलेन?"

मी म्हटलं, "म्हातारी दारात बसून आहे. ती काही जुलैपर्यंत टिकायची नाही."

तिनं फावडं माझ्यापुढे धरलं. "तू काढ. माझे हात उचलत नाहीत."

मी राख ओढून बाजूला ढीग केला. उरलेली पसरायला लागले तसा मागून आवाज आला, "पातळ." मग, "अजून पातळ." तेव्हा मी रडले. ती नाही रडली.

पाचव्या दिवशी हातमोजा उघडा पडला. तिनं तो आधीच पाहिला होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. पुरुषांनी त्याला त्याच्याच घसरगाडीवरून खाली आणलं. पहिली मूठ माती कातालीननं टाकली, आणि घरी जाऊन दिवस मावळेपर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला देल्फीना माझ्या दारात उभी होती, पाठीवर रिकामी टोपली घेऊन. आपण का आलो ते तिलाही ठाऊक नसावं.

"राख आहे?" तिनं विचारलं.

"कुठली राख? सगळी तू नेलीस. माझं शेत अजून पांढरं आहे, तुझ्यामुळे. घळीत ढीग पडलाय, त्यातली माझी परत आणायची. चार टोपल्या होत्या, मी विसरलेली नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घळीच्या वाटेला वळली. मी दुसरी टोपली उचलली आणि तिच्या मागून निघाले.